एकच देह, बारा महिने : भंडारा जिल्ह्यातील श्रम, पर्यावरण आणि आरोग्य

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले, ढिगाऱ्याखालून माणसे काढावी लागली आणि आठ कामगार गेल्याची बातमी त्याच दिवशी देशभर पोहोचली. चौकशी, नुकसानभरपाई, सुरक्षेची चर्चा हे सारे ओघाने आले आणि ते यायलाच हवे होते. पण कामामुळे होणाऱ्या मृत्यूंचा मोठा भाग अशा आवाजाने येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात कामाशी निगडित कारणांनी जगात सुमारे १९ लाख माणसे दगावली. त्यांतले १९ टक्के मृत्यू इजांमुळे झाले होते आणि ८१ टक्के आजारांमुळे. म्हणजे अपघातात जाणाऱ्या एका माणसामागे चार माणसे कामातून जडलेल्या आजाराने जातात. त्या चौघांच्या मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा त्यांच्या कामाचा उल्लेखही नसतो.

हे चौघे भंडारा जिल्ह्यात कुठे आहेत, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख. धान, मामा (माजी मालगुजारी) तलाव, तेंदूपाने, बिड्या, मँगनीजच्या खाणी, पितळी भांडी, राईस मिल आणि दारूगोळा, एवढे वेगवेगळे उद्योग या छोट्या जिल्ह्यात आहेत. यांतल्या बहुतेक कामांच्या आरोग्यधोक्यांवर कुठे ना कुठे संशोधन झालेले आहे. ते उद्योगवार झाले आहे : खाणकामगारांचे वेगळे, बिडी कामगारांचे वेगळे, शेतकऱ्यांचे वेगळे. इथले माणूस मात्र असे वेगळे जगत नाही. मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी बाई जुलैत रोवणीला असते, दिवाळीच्या आसपास धान कापते आणि उरलेल्या दिवसांत ओसरीवर बिड्या वळते. खाणीत ठेकेदाराकडे राबणारा तरुण पावसाळ्यात घरच्या दोन एकरांवर फवारणी करतो. ऊन, तंबाखू, कीटकनाशक, चिखल, खनिजाची धूळ आणि चुलीचा धूर हे सगळे एकाच देहात साठत जाते. संशोधनाने हा देह तुकड्यांत पाहिला आहे. तो अखंड पाहिल्याशिवाय भंडाऱ्याच्या आरोग्याचा हिशेब लागणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

मँगनीज : पावणेदोनशेहून अधिक वर्षांचे ज्ञान

सर्वांत जुने आणि पक्के संशोधन मँगनीजचे आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या ‘मॉयल’ या मँगनीज कंपनीच्या मोठ्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे; तिथले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत वापरले जाते. चिखल्याला भूमिगत काम चालते. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीजचा व्यापार इंग्रजी अमलात, १८९६ मध्ये स्थापन झालेल्या एका सिंडिकेटपासून वाढला. १९६२ मध्ये ‘मॉयल’ उभी राहिली. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले आणि ते जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

मँगनीजच्या धुळीने काय होते हे १८३७ पासून माहीत आहे. त्या वर्षी जॉन कूपर या डॉक्टरांनी ग्लासगोच्या एका रसायन कारखान्यात मँगनीज दळणाऱ्या पाच कामगारांचे वर्णन केले : पाय लुळे, चाल पुढे झुकलेली, आवाज क्षीण. १९५५ मध्ये रोडिये यांनी मोरोक्कोच्या खाणकामगारांवर आणि १९६७ मध्ये मेना, कोत्झियास व सहकाऱ्यांनी चिलीच्या खाणकामगारांवर सविस्तर अभ्यास छापले. चित्र सगळीकडे सारखे निघाले. आधी स्वभाव बदलतो : चिडचिड, झोप उडणे, कारण नसताना हसू किंवा रडू येणे. चिलीचे खाणकामगार याला मँगनीजचे वेडच म्हणत. मग चेहरा निर्विकार होतो, अक्षर बारीक होत जाते, माणूस चवड्यांवर चालू लागतो, मागे सरकताना पडतो. हा आजार कंपवातासारखा दिसतो, पण मेंदूत बाधा वेगळ्या जागी होते आणि कंपवाताच्या नेहमीच्या औषधाचा त्याला फारसा उपयोग होत नाही. तैवानमधल्या फेरोमँगनीज कारखान्यातील बाधित कामगारांचा दीर्घ पाठपुरावा झाला. धुळीशी संबंध तुटल्यानंतरही त्यांचा आजार वर्षानुवर्षे वाढत राहिल्याचे त्यात दिसले.

भारतातही हे शोधले गेले. १९७४ मध्ये चंद्रा, सेठ आणि मानकेश्वर यांनी मँगनीजबाधित रुग्णांची वैद्यकीय आणि जैवरासायनिक निरीक्षणे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कामगार नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्यात आणि जुन्या कारखाना कायद्यात मँगनीजची विषबाधा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेली होती. म्हणजे ज्ञान आहे आणि कायद्यातली नोंदही आहे. अडचण तिसरीकडे आहे.

पहिली अडचण मर्यादेची. जुन्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मँगनीजच्या धुळीसाठी हवेच्या घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा होती, धुरासाठी १ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी ०.०२ आणि श्वासावाटे आत जाणाऱ्या एकूण कणांसाठी ०.१ मिलिग्रॅमची शिफारस केली. या आकड्यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे सरळ भागाकार करणे बरोबर नाही. पण दिशा स्पष्ट आहे. चालताना तोल जाण्याच्या कितीतरी आधी हातांची चपळाई, स्मरण आणि मनःस्थिती यांवर परिणाम होतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखवले आणि त्यानुसार मर्यादा खाली आणल्या गेल्या.

दुसरी अडचण धुळीच्या मिश्रणाची. गोंडाइटमध्ये क्वार्ट्झ असते, म्हणजे सिलिका. छिद्रण आणि फोडाफोडीत मँगनीजबरोबर सिलिकाही छातीत जाते. तिने होणारा सिलिकोसिस दहा-वीस वर्षांनी दिसतो आणि क्षयाचा धोका वाढवतो. क्ष-किरणात सिलिकोसिसची छाया क्षयासारखी भासू शकते. मग माणूस क्षयाची औषधे पुन्हा पुन्हा घेत राहतो आणि त्याच्या कागदावर खाणीचे नाव येत नाही.

तिसरी अडचण खाणीच्या कुंपणाबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यातल्या मँगनीजकडे पूर्वी चव आणि डागांपुरते पाहिले जाई. २०११ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांतात शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात नळाच्या पाण्यात मँगनीज जास्त असलेल्या घरांतल्या मुलांचा बुद्ध्यांक कमी आढळला. बांगलादेशातही तसाच संबंध दिसला होता. जागतिक आरोग्य संघटनेने आता लिटरमागे ०.०८ मिलिग्रॅमचे तात्पुरते मार्गदर्शक प्रमाण दिले आहे. भारतीय मानकात ०.१ स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालते. तुमसरच्या खाणपट्ट्यातली प्रत्येक बोअरवेल, प्रत्येक विहीर आणि प्रत्येक अंगणवाडीचे पाणी या प्रमाणावर नियमित तपासले जाणे ही आता चैन राहिलेली नाही.

पान आणि तंबाखू

एप्रिल-मेमध्ये तेंदूचा हंगाम असतो. उजाडण्याआधी जंगल गाठायचे, पाने तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) पोहोचवायचा. या कामाचे धोके ऊन, साप आणि वाघ. नागझिरा आणि २०१३ मध्ये जाहीर झालेले कोका अभयारण्य यांच्या कडेच्या गावांना शेवटचा धोका समजावून सांगावा लागत नाही. पाने तोडणारी व्यक्ती वाकलेली आणि कामात गुंतलेली असते, झुडपांत दिसत नाही. विदर्भात मोहफुले आणि तेंदूपाने वेचताना होणारे वाघाचे हल्ले वन्यजीव-संघर्षाच्या खात्यात मोजले जातात. मजुरीवर असताना आलेले मरण म्हणून त्यांची मोजदाद कामगार-आरोग्यात व्हायला हवी.

ते पान मग बिडीकडे जाते. बिडी वळणारी बाई बिडी ओढत नाही, पण तंबाखू तिच्या बोटांतून आणि नाकातून आत जातच असतो. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बिडी उद्योगातल्या कामगारांवर सलग काम केले. त्यांनी लघवीतील निकोटिनचे अवशेष तपासले आणि तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींतल्या गुणसूत्रांचे दोष मोजले. तंबाखू हाताळण्यानेच पेशींच्या पातळीवर इजा होते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याआधीच तंबाखूच्या शेतांत ओली पाने तोडणाऱ्यांना होणारी मळमळ, चक्कर आणि डोकेदुखी नोंदवली होती. हातमोज्यांसारख्या साध्या संरक्षणाने काय फरक पडतो हेही तपासले होते.

बिडी घरात वळली जाते, ही तिची सर्वांत अवघड बाजू आहे. कारखान्याची धूळ संध्याकाळी कारखान्यात राहते. इथे ती चुलीजवळ, पाळण्याजवळ आणि जेवणाच्या ताटाजवळ असते. १९६६ चा बिडी-सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी यांतून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरकुले उभी राहिली. त्या निधीला पैसा पुरवणारा उपकर १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर संपला. बिडीवर कर आजही आहे, पण तो वळणाऱ्या हातांसाठी राखलेला नाही. संशोधनाने जी इजा सिद्ध केली तिच्यावर उपचाराची सोय टिकवण्याची तरतूद अशी निसटली, याचे दुःख व्हायला हवे.

धानाच्या बांधीत

भंडाऱ्यातला सर्वांत मोठा कामाचा परिसर धानाची बांधी आहे. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्राने ‘साकोली-६’, ‘साकोली-८’ असे वाण दिले. त्यांचा दाणा, उतारा, कालावधी, कीड-रोगांना तोंड देण्याची ताकद यांची काटेकोर नोंद ठेवली जाते. त्याच बांधीत परे रोवणाऱ्या बाईच्या पाठीची, गुडघ्यांची, पायांच्या बोटांमधल्या जखमांची नोंदही तितक्याच निष्ठेने व्हायला हवी. रोवणी बहुतेक ठेक्याने होते. एकराचा दर ठरतो आणि टोळी कंबरेत वाकून, घोट्यापर्यंत चिखलात, सकाळपासून अंधार पडेपर्यंत मागे मागे सरकत राहते. पैसा एकरावर असल्यामुळे विसावा म्हणजे तोटा.

त्या चिखलात तणनाशक असते. पुढे तुडतुडे, खोडकिडा, करपा यांसाठी फवारणी येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना विषबाधा झाली. त्या धक्क्यानंतर संरक्षक किट वाटले गेले, मोहिमा झाल्या. परंतु ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा आणि मुखवटा घालून पाठीवर पंप वागवणे जवळपास अशक्य आहे. धोका कमी करण्याचा मार्ग औषधाच्या निवडीतून जातो, कपड्यांतून फारसा जात नाही. जगभरच्या व्यावसायिक आरोग्यशास्त्राचा क्रमही हाच आहे : आधी घातक पदार्थच काढा, मग पर्याय द्या, मग यंत्राची सोय करा आणि मुखवटा सर्वांत शेवटी. आपल्याकडे सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते.

साप हा धानशेतीचा जुना सोबती. ‘मिलियन डेथ स्टडी’वर आधारलेल्या २०२० च्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत खेड्यातली, कष्टाच्या वयातली आणि पावसाळ्यात मेलेली माणसे जास्त होती. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसची साथ आली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरा होतो. ओळखण्यासाठी डॉक्टरला एवढे विचारावे लागते : गेल्या दोन आठवड्यांत कुठे काम केले? गवत कापले का? बांधावर बसलात का?

आणि ऊन. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला की उष्णतेमुळे २०३० साली भारतात कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. मध्य अमेरिकेत उसाच्या फडांत राबणाऱ्या तरुणांत मधुमेह किंवा रक्तदाब नसताना मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार पसरला. सततची उष्णता आणि शरीरातले पाणी घटणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. तिथे पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती देणारे प्रयोग झाले आणि त्यांचा उपयोग दिसला. आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेच्या धानपट्ट्यात असाच मूत्रपिंडाचा आजार आहे. त्याच्या कारणांवर वाद चालू आहे. मेमध्ये पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि धानावर जगणाऱ्या जिल्ह्याने हा इशारा आपल्यासाठीच आहे असे समजावे.

बेरीज कुठे होते?

इथवरचा प्रत्येक भाग स्वतंत्र शोधनिबंधांत सापडतो. खरा प्रश्न त्यांच्या बेरजेचा आहे आणि या बाबतीत विज्ञान गेल्या दोन दशकांत बरेच पुढे गेले आहे. २००५ मध्ये क्रिस्टोफर वाइल्ड यांनी ‘एक्स्पोझोम’ ही कल्पना मांडली. गर्भापासून अखेरपर्यंत माणसावर जे जे बाहेरून आदळते त्या सगळ्याचा एकत्र विचार करा, एकेका पदार्थाचा करून भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे. भंडाऱ्यासाठी ही कल्पना फार जवळची आहे.

मँगनीजचेच पाहा. ते खाणीच्या धुळीत आहे. मॅन्कोझेब या भाज्यांवर सर्रास फवारल्या जाणाऱ्या बुरशीनाशकाच्या रेणूतही मँगनीज आहे. त्याचे जवळचे भावंड मॅनेब. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत २००९ मध्ये झालेल्या अभ्यासात, मॅनेब आणि पॅराक्वाट ही दोन्ही औषधे घरापासून पाचशे मीटरच्या आत फवारली जात होती अशा रहिवाशांत कंपवाताचा धोका ७५ टक्के वाढलेला आढळला. म्हणजे तुमसरचा एखादा कामगार आठवडाभर खाणीत आणि सुट्टीच्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात असेल, तर खाणीची तपासणी त्याची अर्धीच कहाणी पाहते आणि कृषी विभाग उरलेली अर्धी.

पुढचा धागा रक्ताचा. शरीर लोह आणि मँगनीज आतड्यातून बऱ्याच अंशी एकाच वाटेने आत घेते. लोह कमी असले की मँगनीज अधिक शोषले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या बाईसाठी आणि लोह भरपूर असलेल्या माणसासाठी तेच पाणी सारखे सुरक्षित नाही. तसेच सिकलसेलचे. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, ती नागपूरहून. पूर्व विदर्भातल्या अनेक समाजांत हा आजार आहे. ऊन, तहान आणि अतिश्रम हे त्याच्या असह्य वेदनांचे नेहमीचे निमित्त. तेंदूचा हंगाम आणि रोवणी यांत हे तिन्ही एकत्र येतात. सर्वांसाठी ठरवलेली मर्यादा अशा देहांना पुरत नाही.

नदीतून येणारे

या बेरजेत वैनगंगाही आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आंभोऱ्याच्या परिसरात वैनगंगेत येते. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेले पवनी तालुक्यातले गोसीखुर्द धरण भरू लागल्यापासून हे पाणी वाहून जात नाही, थांबते. जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडले तेव्हा राखेचे पाणीही कन्हानच्या दिशेने गेले. नाग नदी शुद्धीकरणाच्या सुमारे १,९०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. त्या कामाचे यश नागपूरच्या काठावर मोजून चालणार नाही. पवनीच्या मासेमार ढिवरांच्या जाळ्यात, त्यांच्या हातापायांच्या त्वचेत आणि भंडारा शहराच्या नळात ते मोजावे लागेल. मासेमार दिवसाचे कित्येक तास या पाण्यात उभा असतो. त्याच्यासाठी प्रदूषित नदी हेच असुरक्षित कामाचे ठिकाण आहे.

बाकीच्या उद्योगांबद्दल थोडक्यात. १९८४ मध्ये मलेशियातील संशोधकांनी भात गिरणीतील कामगारांत डोळे, त्वचा आणि श्वासाच्या तक्रारींचा एक समूह वर्णिला. कोंड्याच्या धुळीत राबणाऱ्या तुमसर-मोहाडीच्या राईस मिलमधील हमालांनाही तो लागू पडू शकतो. पितळ ओतताना जस्ताच्या धुराने रात्री येणारा ताप जगभरच्या ओताऱ्यांना ठाऊक आहे. स्फोटकांच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्यांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होणारी डोकेदुखी आणि हृदयावरचा ताण वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे. जवाहरनगरच्या स्फोटानंतर इमारतींची तपासणी जितकी आवश्यक, तितकीच तिथल्या प्रत्येक कामगाराच्या हृदयाची, यकृताची आणि रक्ताची दीर्घकाळ तपासणी आवश्यक आहे.

ज्ञान साठ किलोमीटरवर

हे सगळे शिकायला दूर जावे लागत नाही. पर्यावरणावर संशोधन करणारी ‘नीरी’ १९५८ पासून नागपुरात आहे. खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्थाही नागपुरातच होती. २०१९ मध्ये केंद्राने ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करायचे ठरवले. विलीनीकरणाला प्रशासकीय कारणे असतील. पण ज्या विभागात मँगनीज आणि कोळसा दोन्ही आहेत तिथून खाणकामगारांच्या आरोग्याचे स्वतंत्र केंद्र जाणे ही हानी आहे.

कायद्याचेही असेच. जुन्या खाण नियमांनुसार कामगाराची तपासणी भरतीच्या वेळी आणि नंतर दर पाच वर्षांनी होत असे. मँगनीज आणि सिलिका या दोन्हींचा आजार नोकरी सुटल्यावरही वाढतो, आणि नेमकी तेव्हा तपासणी थांबलेली असते. ठेकेदार बदलत राहणाऱ्या कामगाराची तर सलग फाईलच तयार होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत खाण, कारखाना आणि बिडी यांचे जुने कायदे एकत्र झाले. मोफत वार्षिक तपासणीची तरतूदही आहे. मात्र दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना ही तिची मुख्य अट आहे. स्वतःच्या शेतात फवारणारा शेतकरी आणि ठेक्याने रोवणी करणारी टोळी त्या अटीत सहज बसत नाहीत, आणि जिल्ह्यातले बहुतेक कष्ट त्यांचेच आहेत.

तरीही करता येण्याजोगे बरेच आहे. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिस धोरण आणले. निदान झाल्यावर ३ लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख आणि निवृत्तिवेतन अशी व्यवस्था झाली. नोंदीला हक्काचा आधार मिळाला तेव्हा पूर्वी अदृश्य असलेले रुग्ण मोठ्या संख्येने पुढे आले. आणि गावात बसून केलेल्या संशोधनाचे उदाहरण तर शेजारच्या गडचिरोलीचेच आहे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. दवाखान्याच्या दारात उभे राहून हे कधीच दिसले नसते. त्या एका अभ्यासाने जगाची स्त्री-आरोग्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

भंडाऱ्यासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर बारा महिन्यांच्या कामाचा रकाना असावा : कोणत्या महिन्यात कोणते काम, कशाची धूळ, कोणते औषध, किती तास उन्हात. ‘व्यवसाय : मजुरी’ एवढे लिहून थांबू नये. दुसरी, जिल्ह्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, जे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या दहा महाविद्यालयांपैकी एक आहे, खाणपट्टा, धानपट्टा, जंगलपट्टा आणि वैनगंगाकाठ यांतली काही गावे निवडून त्यांचा वीस-पंचवीस वर्षे पाठपुरावा करावा. अमेरिकेत १९९३ पासून चालू असलेल्या शेतकऱ्यांच्या आरोग्य अभ्यासाने कीटकनाशके आणि कंपवात यांचा दुवा अशाच चिकाटीने दाखवला. तिसरी, तपासणीचे कार्ड कामगाराच्या हाती असावे आणि ठेकेदार बदलला, खाण सुटली, वय साठ झाले तरी ते चालू राहावे. त्यात बिडी वळणारी बाई आणि ढिवरही असावेत. चौथी, पाण्याचे, हवेचे आणि रक्ताचे निकाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले जावेत. ज्याच्या शरीराची मोजदाद होते त्याला तिचा अर्थ कळण्याचा पहिला हक्क आहे.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाचे ठिकाण हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क कारखान्याच्या फाटकापाशी संपत असेल तर भंडाऱ्यातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही. सात तालुक्यांचा जिल्हा, साठ किलोमीटरवर राष्ट्रीय संशोधन संस्था, हाताशी नवे वैद्यकीय महाविद्यालय आणि गावोगाव आशा कार्यकर्त्या : वर्षभराचा श्रम आणि वर्षभराचा आजार एका कागदावर आणण्यासाठी महाराष्ट्रात यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तो कागद एकदा तयार झाला की खाणीला, बिडीच्या ठेकेदाराला, औषध विकणाऱ्याला, नदीत सांडपाणी सोडणाऱ्या शहराला आणि शासनाला आपापला वाटा नाकारणे अवघड जाईल. भंडाऱ्यातल्या संशोधनाने आता हे काम हाती घ्यावे.